आवडले का आणि समजले का

विद्यापीठीय वाचनवर्गांत माइंड-मॅप वापरावा की नाही, या प्रश्नाचा निकाल अनेक शोधनिबंधांत विद्यार्थ्यांच्या पसंतीवर लावला जातो. रीत ठरलेली आहे. काही आठवडे उताऱ्यांचे नकाशे काढून घ्यायचे आणि शेवटी पाच पर्यायांची प्रश्नावली वाटायची. ‘पद्धत आवडली का? वाचन सोपे वाटले का?’ बहुसंख्य उत्तरे ‘सहमत’ आली, की पद्धत परिणामकारक ठरते. मराठीचे अध्यापक म्हणून या निष्कर्षाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

प्रश्नावली वाटणारा बहुधा वर्गशिक्षकच असतो. पद्धत त्यानेच आणलेली असते आणि अंतर्गत गुणही त्याच्याच हाती असतात. अशा वेळी आलेले ‘सहमत’ हे सौजन्यही असू शकते. त्याला पुरावा म्हणू नये.

उत्तर प्रामाणिक असले, तरी ‘वाटणे’ आणि ‘होणे’ यांतले अंतर उरतेच. पर्ड्यू विद्यापीठातील कार्पिक आणि ब्लंट यांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहावा. त्यात माइंड-मॅपचे भावंड म्हणावे असे ‘कन्सेप्ट मॅप’ होते. मजकूर समोर ठेवून नकाशा काढणे आणि मजकूर बाजूला सारून आठवेल ते लिहिणे, या दोन्ही रीती १२० विद्यार्थ्यांनी वापरल्या. नकाशा तितकाच किंवा अधिक उपयोगी ठरेल, असे ७५ टक्के विद्यार्थ्यांना वाटले. पुढच्या परीक्षेत मात्र ८४ टक्के विद्यार्थ्यांना आठवून लिहिण्याचाच अधिक लाभ झालेला दिसला.

माइंड-मॅप निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. लंडनमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांवरील २००२ च्या अभ्यासात माहिती आठवडाभर टिकवण्यास त्याची मदत झाल्याचे दिसले. पण त्या गटाचा पद्धतीविषयीचा उत्साह कमी होता. म्हणजे येथेही पसंती एका दिशेला आणि परिणाम दुसऱ्या दिशेला गेला.

शिवाय वाचन म्हणजे केवळ माहिती टिकवणे नव्हे. माइंड-मॅप लोकप्रिय करणाऱ्या टोनी बुझान यांचा आग्रह एका फांदीवर एकच शब्द असावा, असा होता. आता जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) घ्या. हा ग्रंथ धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. धोंडीबा शंका काढतो, उत्तर मिळते, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. फांद्यांवर ‘बळी’, ‘परशुराम’, ‘भट’ ही नामे सहज बसतील. परंतु कोण कोणाला विचारतो आहे, उपरोध कोठे आहे, ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांनी युक्तिवाद कोठे वळतो, हे कोणत्या फांदीवर लिहायचे? नकाशा सुबक होईल, विद्यार्थ्याला तो आवडेलही, आणि ग्रंथ न वाचलेलाच राहील.

विद्यार्थ्यांची मते जरूर विचारावीत. ती केवळ टक्केवारीच्या तक्त्यापुरती विचारणे हा त्यांचा अवमान आहे. आमची मागणी साधी आहे. प्रश्न वर्गशिक्षकाने विचारू नयेत. पद्धत संपताच मते घेऊन थांबू नये. आठवड्यानंतर नकाशा व पुस्तक दोन्ही बाजूला ठेवून लेखकाचा युक्तिवाद स्वतःच्या वाक्यांत लिहून घ्यावा आणि तो मतांशेजारी ठेवून पाहावा. प्रश्नावलीत एक मोकळा प्रश्नही असावा : या मजकुरातले कोणते वाक्य तुम्हाला नकाशात बसवता आले नाही, आणि का? त्याचे उत्तर ज्याला देता येईल, त्याने मजकूर वाचला आहे असे आम्ही समजू.