नवऱ्याचं सिबिल, बायकोची सही

२०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी गाजली. लग्न जवळपास ठरलं होतं. मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी नवऱ्या मुलाचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा स्कोअर, बघायला मागितलं. बरीच कर्जं आणि घसरलेला स्कोअर पाहून त्यांनी सोयरीक मोडली. काहींना याचं हसू आलं, पण ‘बरं केलं, नाहीतर पोरीचंही सिबिल बुडालं असतं’ असं म्हणणारेही होते. उलट बाजूला ‘ज्याचं पॅन त्याचं कर्ज, बायकोचा काय संबंध?’ असं ठासून सांगणारेही होते. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पहिल्यांची भीती अनाठायी आहे. दुसऱ्यांची बेफिकिरी मात्र जास्त महागात पडणारी आहे.

आधी भीतीचा समाचार घेऊ. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. त्याखाली आज चार कंपन्या काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. त्या नोंद ठेवतात ती व्यक्तीची, कुटुंबाची नव्हे. ३०० ते ९०० मधला स्कोअर ठरतो तो तुमच्या नावावरची कर्जं, हप्त्यांचा नियमितपणा, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरली आणि नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले यांवर. लग्न झालं म्हणून दोन अहवाल एक होत नाहीत. बचत खातं दोघांच्या नावावर केलं तरी होत नाहीत, कारण बचत खातं म्हणजे कर्ज नव्हे. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेमुळे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते. आयकर कायद्यातही त्यांचं उत्पन्न विभागण्यासाठी वेगळं कलम आहे. तरीही मडगावच्या जोडप्याचा पतअहवाल एक नसतो, दोन असतात.

शिवाय स्कोअर पाहून जावयाची पारख होते, हेही खरं नाही. सावकाराचं देणं, मित्राकडून घेतलेले हातउसने आणि उचललेली भिशी अहवालात उमटत नाहीत. अनेक पतसंस्थांची कर्जंही त्यात येत नाहीत. ज्याने कधी कर्जच काढलं नाही, त्याच्या अहवालात गुणांऐवजी उणे एक दिसतं. तो उधळ्या असेल किंवा काटकसरी, अहवालाला ते कळत नाही. आजारपणात हप्ते थकलेला सरळ माणूस आणि मौजमजेसाठी कर्ज बुडवणारा, दोघांच्या थकबाकीची नोंद सारखीच दिसते. पगार किती हेसुद्धा स्कोअरमध्ये धरलं जात नाही. पत्रिकेऐवजी सिबिल जुळवून संसाराची हमी मिळत नाही.

आता दुसरा पक्ष. ‘माझं पॅन वेगळं, म्हणून मी सुरक्षित’ हे वाक्य एका सहीपर्यंतच खरं असतं. घरकर्ज काढताना बँक बहुधा दोघांनाही अर्जदार करून घेते, कारण दोघांचं उत्पन्न धरलं की कर्जाची रक्कम वाढते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराचे सहमालक दोघंही कर्जदार असतील, तर व्याजापोटी प्रत्येकी २ लाखांपर्यंत वजावट मिळते, तोही मोह असतो. पण सही केली की ते कर्ज दोघांच्याही अहवालात येतं, तेही पूर्णच्या पूर्ण, अर्धं-अर्धं नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून सगळं देणं वसूल करता येतं. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जात असला आणि तो चुकलेला बायकोला ठाऊकही नसला, तरी उशिराची नोंद तिच्या नावावर पडते. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक ठरतं आणि तिचं पुढचं कर्ज अडतं. जागा उलट्या असल्या तरी हेच: बायकोच्या कर्जावर नवऱ्याची सही असेल, तर तोही तितकाच अडकतो.

जामीनदार असणं याहून धोक्याचं, कारण तिथे हातात पैसा येत नाही, फक्त देणं येतं. ‘नुसता जामीन आहे, सही कर’ हे आपल्या घरांत फार सहज म्हटलं जातं. त्याच करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पतसंस्थेचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघू शकतो आणि तो जामीनदाराच्याही दारात येतो.

ग्रामीण भागातल्या बायकांना तर सहीशिवायही झळ बसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मवित्त नियमांत ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेलं कुटुंब हेच एकक आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असा नियम. कर्जाचा फास आवळू नये म्हणून तो केला, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही की नवऱ्याने आधीच हप्ते डोक्यावर घेतले असतील, तर शेळ्या किंवा शिलाई मशीन घेऊ पाहणाऱ्या बाईची पात्रता तिने काही चूक न करता घटते. तिचा स्कोअर तोच राहतो, कर्जाची वाट मात्र अरुंद होते.

यावर ठरलेला आक्षेप येतो: संसार विश्वासावर चालतो, नवरा-बायकोत असले हिशोब कशाला? मी म्हणतो, हिशोब लपवण्याची मुभा विश्वासात कधीच नव्हती. बायकोची सही घेताना कागद उलटून न दाखवणारा नवरा विश्वास ठेवत नसतो, तिच्या विश्वासाचा वापर करत असतो. आणि नातं तुटलं तरी सही सुटत नाही. ‘कर्ज नवरा फेडेल’ असं घटस्फोटाच्या हुकुमात लिहिलेलं असलं, तरी बँक त्या खटल्यात पक्षकार नसते. बँकेने स्वतः नाव कमी करेपर्यंत दोघंही कर्जदारच राहतात.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, प्रत्येकाची पत स्वतंत्र उभी राहू द्या. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावरचं पुरवणी कार्ड वर्षानुवर्षं वापरणाऱ्या बाईच्या नावे काहीच जमा होत नाही. सगळी नोंद मूळ कार्डधारकाच्या नावावर चढते. वैधव्य किंवा विभक्तपण आलं की तिला कळतं, बँकेच्या लेखी आपण अस्तित्वातच नव्हतो. तिच्या नावाचं एक छोटं कार्ड आणि त्याचं वेळेवर भरलेलं बिल, सुरुवातीला एवढंही पुरेसं आहे. दुसरी गोष्ट, संयुक्त कर्जाआधी दोघांनी एकमेकांचे अहवाल समोरासमोर वाचावेत. चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो, त्यामुळे खर्चाची सबब उरत नाही. चूक आढळली तर तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तिसरी गोष्ट, एकाची पत खराब असेल आणि दुसऱ्याचं उत्पन्न पुरत असेल, तर एकट्याच्या नावे अर्ज करावा. त्यात कमीपणा कसला? चौथी, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची: कर्जात नाव असेल तर खरेदीखतातही नाव हवं. सहकर्जदार असलं म्हणजे मालकी मिळते असं नाही. घर एकट्या नवऱ्याचं आणि देणं दोघांचं, हा व्यवहार कितीही प्रेमाने केला तरी अन्यायाचाच. शिवाय हप्त्याचा मेसेज दोघांच्याही फोनवर यावा, म्हणजे ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची वेळ येणार नाही.

वधूपक्षाची काळजी मला खोटी वाटत नाही. पण लग्नाआधी एकदा स्कोअर पाहिला की ती संपली असं मानण्यात फसगत आहे. आज ७८० असलेला माणूस दोन वर्षांत सहज ५५० वर येऊ शकतो. तेव्हा मुलीला सोडवायला जुना अहवाल येणार नाही. ‘कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही’ हे सासरी शांतपणे सांगायची तिची तयारीच कामाला येईल. ही तयारी माहेरी करून द्यावी, आणि तिची अडचण वाटणार नाही अशी मुलंही वाढवावीत.