अर्धवट कात, अर्धवट सर्पप्रेमी

पाळलेल्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते तेव्हा दोष सापाचा नसतो, बहुतेक वेळा पाळणाऱ्याचा असतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण ड्युसेलडॉर्फमधल्या आपल्या मराठी घरांत हीच गोष्ट गोड शब्दांत सांगून पाहिली आणि उत्तर आलं, "अहो, आमचा जरा नाजूकच आहे." नाजूक! पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत पिढ्यान्‌पिढ्या जगलेला बॉल पायथन नाजूक. आणि डिसेंबरभर हीटर धडाडून सोडणारे, पेटीच्या जाळीवर वरून दिवा तापवणारे आणि पाण्याचं भांडं हौसेपुरतं ठेवणारे हे मात्र प्राणिप्रेमी.

हीच मंडळी सांगली-साताऱ्यात असती आणि धामण घरात पेटीत ठेवून बसली असती, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखातं दारात आलं असतं. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या खेळांनाही मुंबई उच्च न्यायालयाने चाप लावला. इथे मात्र हाम शहरात वर्षातून चारदा 'टेरारिस्टिका' हा सरपटणाऱ्या प्राण्यांचा प्रचंड बाजार भरतो. सकाळच्या गाडीने जा, पैसे मोजा, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात पिल्लू घ्या आणि संध्याकाळच्या चहाला घरी. मुलाच्या वाढदिवसाला काहीतरी 'वेगळं' दिल्याचं समाधान वर फुकट.

कायदा काय करतो, असं विचाराल. ऑगस्ट २०१९मध्ये हेर्न शहरात एका घरातून नाग निसटला. चार घरं रिकामी करावी लागली आणि पाच दिवस शोधाशोध चालली. मग ड्युसेलडॉर्फच्या विधानसभेला जाग आली आणि १ जानेवारी २०२१पासून या राज्यात विषारी साप नव्याने पाळण्यावर बंदी आली. उत्तमच झालं. पण त्या कायद्याला काळजी आहे ती माणसाला चावणाऱ्या सापाची. ज्या बिनविषारी अजगराला माणूस छळतो, त्याच्यासाठी जर्मनीच्या प्राणीसंरक्षण कायद्यात एक कलम आहे: प्राणी पाळणाऱ्याला त्याच्या देखभालीचं आवश्यक ज्ञान असलंच पाहिजे. वाचायला सुंदर. बॉल पायथन विकत घेताना मात्र ते ज्ञान तुमच्याकडे आहे का, याचा दाखला कुणी मागत नाही. मासे पकडायचे तर या देशात परीक्षा द्यावी लागते. साप पाळायला खिशात नोटा पुरतात.

तर ते ज्ञान म्हणजे काय? फार नाही. सापाच्या जुन्या त्वचेखाली नवी त्वचा पूर्ण तयार होते, मग दोन्हींच्या मध्ये द्रव साठतो आणि जुना थर सुटा होऊ लागतो. या काळात सापाचा रंग मळकट दिसतो आणि डोळे दुधाळ-निळसर होतात. त्याला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर बदलतो. म्हणजे या दिवसांत सापाला धड दिसत नाही. तो बिथरतो, लपतो, बरेचदा खात नाही. नेमकं याच वेळी आपले यजमान पाहुण्यांना दाखवायला त्याला बाहेर काढतात आणि त्याने फुत्कार टाकला की म्हणतात, "हल्ली चिडका झालाय."

पुढची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मालकाला वाटतं, झालं, संपलं. संपलेलं काहीच नसतं. कात यानंतर काही दिवसांनी निघते. साप तोंड खरबरीत फांदीवर किंवा दगडावर घासतो, ओठापाशी कात सुटते आणि पायमोजा उलटा काढावा तसा तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. सगळं नीट असेल तर कात डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड मिळते आणि ताणली गेल्यामुळे सापापेक्षा लांब भरते. वाढ थांबलेला प्रौढ सापही कात टाकतो, तेव्हा 'अंगाला घट्ट झाली म्हणून टाकली' हे शाळकरी स्पष्टीकरण अर्धंच खरं. आणि साप फारच वारंवार कात टाकू लागला तर पेढे वाटू नका. अंगावर माइट्स किंवा जखम आहे का ते पाहा.

आता दिवाणखान्याकडे या. हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीतली आर्द्रता सहज ३०-४० टक्क्यांवर येते. बॉल पायथनला एरवीही साठाच्या आसपास लागते आणि कातेच्या दिवसांत त्याहून जास्त. वर दिवा आणि झाकणाला जाळी, म्हणजे उरलीसुरली ओलही उडाली. कात वाळते, चिकटते, फाटते. शेपटीच्या टोकाला तिचं कडं राहिलं तर ते आवळत जातं, रक्त पोहोचत नाही आणि टोक मरतं. डोळ्यावरचा जुना खवला राहून गेला तर एका गृहस्थांनी तो चिमट्याने उपटायचा बेत मला उत्साहाने सांगितला होता. इंजिनीअर माणूस, स्क्रू काढल्यासारखा डोळा काढायला निघाला होता! खालचा नवा खवला फाटला की डोळा जातो. ते काम पशुवैद्याचं आहे, तेही सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या.

उपाय स्वस्त आहेत, म्हणूनच संताप येतो. एक डिजिटल हायग्रोमीटर. ओल्या शेवाळाने भरलेला, एका बाजूने भोक पाडलेला झाकणाचा डबा. साप आत वेटोळं घालून बसेल एवढं पाण्याचं भांडं. एक खरबरीत लाकूड. कात अडकलीच तर उथळ कोमट पाणी, तेही तुम्ही शेजारी बसून, आणि मग ओल्या टॉवेलमधून त्याला स्वतः सरकू देणं. अंगावरची कात ओढायची नाही. हजार युरोची काचपेटी घेणाऱ्याला यातलं काय महाग पडतं?

आणि कातेचं काय करतात? तिजोरीत! इतक्या लांब येऊनही नागाची कात पैशापाशी ठेवली की बरकत येते हा समज सामानाबरोबर आलेला आहे. मग ती आफ्रिकी अजगराची असली तरी चालते. अरे, ती आधी उलगडून तर बघा. डोक्याच्या भागात डोळ्यांवरचे दोन्ही गोल पारदर्शक खवले आहेत का? शेपटीचं टोक पूर्ण आलंय का? सापाची तब्येत सांगणारा तो कागद आहे आणि तुम्ही तो न वाचता पासबुकाखाली सरकवता.

मुलांना साप दाखवायचेच असतील, तर यू ७८ किंवा यू ७९ पकडा आणि नॉर्डपार्क-अ‍ॅक्वाझूला उतरा. १९८७पासून त्या बागेत लोबेके संग्रहालयाचं अ‍ॅक्वाझू आहे, तिथे सरपटणारे प्राणी सांभाळायला शिकलेली माणसं आहेत. घरात साप आधीच असेल, तर आज रात्री हायग्रोमीटर बघा, शेवटची कात शोधून काढा आणि त्यात डोळ्यावरचा एक जरी खवला कमी दिसला तरी उद्या सकाळी पशुवैद्याला फोन लावा.