धरणकाठचे घर : घ्यावे की न घ्यावे?

ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की गट ऑफिसच्या ओट्यावर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. ट्रॅक्टरवाला येतो, विमेवाला येतो, ठिबकवाला येतो. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे, तो म्हणजे प्लॉटवाला. त्याच्या हातातल्या रंगीत कागदावर निळेशार पाणी असते, काठाला हिरवळ असते, तिच्यावर लाल कौलांचे टुमदार घर आणि ओसरीत झोपाळ्यावर बसलेले नवराबायको. भाटघरच्या पाण्याला लागून दहा गुंठे, घरासकट! आपल्या गटातील काही सभासदांनी जागा पाहून ठेवल्या आहेत, दोघातिघांनी विसारही दिला आहे, आणि बरेच जण 'तुमचं काय मत?' म्हणून आम्हांस विचारतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगून टाकतो. अशी हौस करणे म्हणजे उधळपट्टी, असे आम्ही मानीत नाही. 'शेतकऱ्याला कसली आलीया सुट्टी?' असे म्हणणारे लोक आपल्यातच पुष्कळ आहेत. नोकरदाराला रविवार असतो, मे महिन्याची रजा असते. आपल्या दारात जनावर आहे, शेतात पाण्याची पाळी आहे, हंगामात तोडणीची टोळी आहे. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून दारे धरायची. बायांचे तर विचारूच नये. परवा एका सभासदाच्या कारभारीण आम्हांस म्हणाल्या, "भावजी, घर मोठं नको, माडी नको. पर जितं कुणी 'च्या टाक' म्हणणार न्हाई असं एक ठिकाण पायजेल बघा." तीस वर्षे चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईचे हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शिवाय मुले पुण्या-मुंबईला नोकरीस, नातवंडांना गावी करमत नाही. पाण्याकाठी घर असले तर सगळे चार दिवस एकत्र येतील, असेही अनेकांच्या मनात आहे. आणि जमीन कुठे वाया जाते, भाव चढतोच, हा तिसरा मुद्दा. तिन्हींत तथ्य आहे.

आता दुसरी बाजू. प्लॉटवाला जागा दाखवतो ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा धरण काठोकाठ असते, डोंगरावरून ओहळ वाहत असतात, सोनकी फुललेली असते. माणूस हरखून जातो. आम्ही आपल्या चार सभासदांना घेऊन मुद्दाम मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. भोर मागे टाकून वेळवंड खोऱ्यात शिरलो, प्लॉटवर उभे राहिलो आणि पाणी शोधू लागलो. चांगले पाचसातशे पावले खाली, दरीच्या तळाशी, एक पट्टा चमकत होता. मध्ये सगळा भेगाळलेला गाळ, जुन्या झाडांची खोडे, कोणाच्या तरी जुन्या बांधाचे दगड. याच दिवसांत खोऱ्यातले कांबरेश्वराचे देऊळ पाण्याबाहेर येते. वर्षातले बहुतेक महिने देव पाण्यात असतो आणि उन्हाळ्यात थोडे दिवस दर्शन देतो. लोक नारळ घेऊन जात होते. आमच्यापैकी एक तात्या बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आरं, ह्ये तळं न्हाई. ह्यो आपला हौद हाय."

तात्यांनी एका वाक्यात सांगितले ते थोडे फोडून सांगतो. तळे म्हणजे निसर्गाने भरलेले. ते उन्हाळ्यात थोडे उतरते, एवढेच. धरण हे खर्च करण्यासाठी साठवलेले पाणी. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण, म्हणजे जुन्या लोकांचे लॉईड धरण, इंग्रजांनी १९२० च्या दशकात पुरे केले ते कोणाला देखावा दिसावा म्हणून नव्हे. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, नीरा डावा कालवा झाला होता आणि त्याला उन्हाळ्यात पाणी पुरत नव्हते. आज या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. साठा सुमारे साडेतेवीस टी.एम.सी. त्याच्या जोडीला नीरा देवघर पावणेबारा, वीर सुमारे साडेनऊ आणि गुंजवणी पावणेचार. चारी मिळून अठ्ठेचाळीसच्या वर. भाटघरचे पाणी नदीने वीरला येते आणि तेथून डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे, उजव्याने खंडाळा, फलटण, माळशिरसकडे जाते. या अठ्ठेचाळीसमध्ये निम्मा वाटा एकट्या भाटघरचा. जून उजाडताना अनेक वर्षी तेथला साठा टक्केवारीत एक आकडी उरलेला असतो. ते पाणी गेले कोठे? तुमच्या आमच्या सरीत. मे महिन्यात आडसाली उसाला दहा-बारा दिवसांनी पाणी लागते, आणि पाळी चार दिवस लांबली तर आपण शाखा कार्यालयावर मोर्चा नेतो.

येथेच खरी गोम आहे. जो सभासद तेथे घर बांधील तो एप्रिलमध्ये ओसरीत बसून म्हणेल, पाणी जरा राहू दे, पाहुणे यायचे आहेत. तोच सभासद गावी आल्यावर पाटकऱ्याला म्हणेल, पाणी सोडा, खोडवा वाळतोय. एका माणसाची ही दोन तोंडे एक वेळ खपतील. पण काठावर अशी शेकडो घरे झाली, त्यांत पुण्या-मुंबईची वजनदार मंडळी आली, हॉटेले आली, होड्या आल्या, तर उद्या कालवा सल्लागार समितीपुढे 'पर्यटनासाठी किमान पातळी ठेवा' अशी मागणी येणार नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! आधीच पिण्याचे पाणी, कारखानदारी, वाढती शहरे यांच्या मागण्या शेतीच्या पुढे उभ्या आहेत. त्या रांगेत आणखी एक मागणी आपणच पैसे देऊन उभी करायची, हे आम्हांस तरी उमजत नाही.

गाळात एक म्हातारे गृहस्थ ढेकळे फोडीत होते. धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीत पेरतात ती गाळपेर, तिची तयारी चालली होती. त्यांनी आम्हांस पाणी पाजले. आम्ही कोठले म्हणून विचारले. नीरेच्या कालव्यावरचे म्हटल्यावर हसले. "म्हंजे पानी तुमच्याकडंच येतंया. आमच्या आज्याचं शेत ह्या तळाला हाय, पावणं. भात व्हायचा. आता वरच्या माळाला नाचणी करतुया, आन् पोरं त्यो माळबी इकाया निघाल्यात." राग नव्हता बोलण्यात, म्हणूनच ते जास्त लागले. हे धरण झाले तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. राज्यात असा कायदा आला १९७६ साली, पुढे १९८६ आणि १९९९ साली तो सुधारून नव्याने केला गेला. त्यानंतरच्या धरणांना लाभक्षेत्रात स्लॅब लावून जमिनी निघाल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी कोर्टकचेऱ्या केल्या, हेही आपण विसरू नये. शेजारच्या मुळशी खोऱ्यात तर १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला होता. भाटघरकाठच्या लोकांची खालची जमीन आपल्या पाण्याखाली गेली. आता वरची उरलेली जमीन आपल्याच ऊसबिलाने विकत घ्यायची, आणि त्याच पोरांना तेथे राखणदार ठेवायचे? कायद्याने यात गुन्हा नाही. देणारा आपखुशीने देतो, हेही खरे. पण आम्ही त्या म्हाताऱ्यापुढे बसून विसाराची गोष्ट काढू शकलो नाही.

बरे, हे सर्व बाजूला ठेवून निव्वळ हिशेब मांडू. समजा जागा आणि दोन खोल्यांचे घर मिळून ४० लाख पडले. हे पैसे सात टक्क्यांनी ठेवीत ठेवले असते तर वर्षाला २ लाख ८० हजार आले असते. राखणदार महिना ८ हजारांनी धरला तर ९६ हजार. वीज, पावसाळ्यानंतरची डागडुजी, पंपाची मोटार, उंदीर-वाळवी मिळून ४० हजार. एकूण ४ लाख १६ हजार. आता प्रामाणिकपणे सांगा, वर्षात किती रात्री जाल? हंगामात नाही, लागणीत नाही, पाळीच्या दिवसांत नाही, लग्नसराईत नाही. आम्ही उदार मनाने बारा रात्री धरतो. म्हणजे एका रात्रीचे भाडे ३४ हजार ६०० रुपयांवर! टनाला तीन हजार हातात पडतात असे धरले तर हा वर्षाचा खर्च म्हणजे सुमारे १४० टन ऊस. एकरी चाळीस टनांप्रमाणे साडेतीन एकरांचा सगळा ऊस त्या बारा रात्रींत गळीत होतो. आणि सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढून घर घेणार असाल, तर हिशेब मांडायचीही गरज नाही.

यावर प्लॉटवाल्याचे ठरलेले उत्तर असते, 'रिकाम्या दिवसांत भाड्याने द्या, घर स्वतःच कमावील.' काही जण कमावतात, नाही असे नाही. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्याचा लाभ घेणारे शेतकरी आहेत. पण ते तेथे राहतात. चादरी धुणे, जेवण करणे, दारू पिऊन दंगा करणाऱ्याला हाकलणे, ही कामे शंभर किलोमीटरवरून होत नाहीत. त्यात पाण्याचा धोका. गाळाचा काठ वरून घट्ट दिसतो आणि पाऊल टाकले की खाली खोल उतार. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच तरुणी बुडाल्या. आपल्या घरी आलेल्या भाडेकरूचे पोर पाण्यात गेले तर काय, हा प्रश्न रंगीत कागदावर नसतो.

कागदांबद्दलही दोन शब्द. प्लॉटवाले आपल्याच सभासदांच्या मागे का लागतात? कारण आपल्या नावावर सातबारा आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्याला ती अडचण नाही. म्हणून गिऱ्हाईक आपण. ज्यांनी विसार दिला आहे त्यांनी निदान एवढे पाहावे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची तर नाही ना? प्रकल्पग्रस्ताला दिलेली किंवा इनामाची असेल तर परवानगीशिवाय झालेला व्यवहार अडकतो. सातबारा सामाईक आहे काय, आणि असेल तर बहिणींच्या सह्या आहेत काय? बांधकामाची परवानगी कोणी दिली, मंजूर नकाशा कोठे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपादनाची हद्द कोठे आहे? पाण्याकाठचा संपादित पट्टा जलसंपदा खात्याचा असतो. 'पाण्याला लागून' म्हणून विकलेल्या प्लॉटची हद्द बहुधा त्याच्या अलीकडेच संपते. पुढची हिरवळ सरकारची, ती कोणालाही विकता येत नाही.

मोठ्या योजनेत गेलो म्हणजे निर्धास्त, असेही नाही. वरसगाव धरणाच्या काठी लवासा नावाचे अख्खे शहर उभारले जात होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथले काम जैसे थे ठेवण्याची नोटीस काढली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. घरांसाठी पैसे भरलेले कित्येक लोक हेलपाटे घालीत राहिले. ते शिकलेसवरलेले, वकील हाताशी असलेले लोक होते. आपण तर वजनकाट्याच्या पावतीवरचा आकडासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेणारे.

तेव्हा आमचे मत घर घेऊ नये असे आहे. ज्याच्याजवळ खरोखर ओसंडून पैसा आहे, मुले मार्गी लागली आहेत, कर्ज नाही, त्याला आम्ही अडवणारे कोण? पण बहुतेकांच्या बाबतीत ही रक्कम म्हणजे विहिरीची, ठिबकाची किंवा मुलीच्या शिक्षणाची आहे. हौस मात्र मारू नये. त्या वहिनींचे बोलणे आमच्या डोक्यातून जात नव्हते, म्हणून आम्ही त्यांना विचारले, की त्या घरात गेल्यावर चहा कोण टाकणार? त्या थोडे थांबल्या आणि म्हणाल्या, "मीच की वो. आन् वर जाळीबी मीच काढणार."

मग दुसरी वाट काढली आहे. वेळवंड खोऱ्यात काही घरांतून पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते. यंदा गणपती विसर्जनानंतर, तोडणीच्या टोळ्या गावात यायच्या आत, आमच्यापैकी चार कुटुंबांनी तेथे दोन रात्री राहायचे ठरवले आहे. धरण तेव्हा भरलेले असेल. चहा, भाकरी त्या घरच्या बाया करतील आणि त्याचे रोख पैसे त्यांच्या हातात द्यायचे. चार कुटुंबांचा जाण्यायेण्यासह सर्व खर्च त्या एका रात्रीच्या ३४ हजारांत बसतो, असा आमचा अंदाज आहे. गाडीत अजून सहा जागा शिल्लक आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी गट ऑफिसात नाव नोंदवावे. पहिले नाव त्या वहिनींनी दिले आहे; त्यांच्या कारभाऱ्यांचे अजून आलेले नाही.