टाळ्या नाग्या कातकऱ्याला, जमीन कोणाला?

आदिवासींच्या लढ्यावरील कलापथकांचे प्रयोग ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात बहुधा एकच क्षण घर करून राहतो. गोळी लागून आदिवासी कोसळतो, ढोलकी थांबते, मांडव स्तब्ध होतो आणि मग टाळ्यांचा कडकडाट होतो. आपणही लढ्यात उतरलो, या समाधानात प्रेक्षक घरी परततो. हे समाधान फसवे आहे, आणि तसे सांगण्याची जबाबदारी समाजवाद्यांचीच आहे. कारण 'पुढारी पाहिजे'सारखी लोकनाट्ये गावोगाव नेणारी राष्ट्र सेवा दलाची परंपरा त्यांची आहे.

पनवेलजवळच्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारा. वनकायद्यांनी त्याचा धंदा हिरावला आणि तो आधी कोळसाभट्टीवर, मग वीटभट्टीवर गेला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. उचलीची बेडी मात्र तुटली नाही. पनवेल परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आला, परंतु कितीतरी कातकरीवाड्यांतील घरांखालची जागा आजही परक्याच्याच नावावर आहे.

रंगमंचावर यातले किती येते? येतो तो तारपा. वस्तुतः तारपा ही प्रामुख्याने उत्तरेकडील वारल्यांची ओळख. पण प्रेक्षकाला कातकरी नको असतो, नाचणारा 'आदिवासी' हवा असतो. शिवाय प्रयोगांचा हंगाम हिवाळ्या-उन्हाळ्याचा, आणि तेव्हा अनेक वाड्यांतली कुटुंबे भट्टीवर गेलेली असतात. ज्याच्या दुःखावर खेळ रंगतो, तो प्रेक्षकांतही नसतो!

कलेला हिशेब विचारू नये, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु परिवर्तनाचे साधन म्हणून उभ्या राहिलेल्या कलेने परिवर्तनाचा हिशेब टाळणे, ही शुद्ध पळवाट आहे.

तेव्हा प्रयोग बंद करू नयेत. ते वाडीवर न्यावेत, तेही सप्टेंबरात, माणसे घरी असताना. कातकऱ्याची भूमिका कातकऱ्यानेच करावी. खेळ संपताच २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे आणि घरांच्या जागांचे अर्ज त्याच मांडवात लिहिले जावेत, आणि तहसील कचेरीत त्यांचा पाठपुरावा कार्यकर्त्यांनी करावा. नाग्याने प्राण दिले ते टाळ्यांसाठी नव्हे.