संगणकाचा कूळकायदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या संचालनप्रणालीची सुरक्षाविषयक नित्य देखभाल बंद केली. शहरी वृत्तपत्रांनी ही वार्ता तांत्रिक सदरात छापली आणि ती विसरली गेली. परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र ती आर्थिक वार्ता होती. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर, पूर्णा येथील झेरॉक्सची दुकाने, डीटीपीच्या खोल्या आणि जुन्या टंकलेखन वर्गांच्या जागी आलेले संगणक वर्ग ज्या यंत्रांवर चालतात, त्यांतील पुष्कळशी यंत्रे कोणा बड्या उत्पादकाने पेटीबंद करून पाठविलेली नसतात. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, मॉनिटर मोठ्या शहरातील कार्यालयाने मोडीत काढलेला, आणि या सर्वांची जुळणी गावातल्याच एखाद्या तरुणाने केलेली. ‘असेंबल्ड’ हा शब्द आता तालुक्याच्या बाजारपेठेत इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

विंडोज १० च्या जागी यावयाच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि कंपनीने तयार केलेल्या यादीतलाच प्रोसेसर लागतो. ही यादी ढोबळ मानाने २०१८ पासूनच्या प्रोसेसरांची आहे. त्यापूर्वीचे यंत्र पत्रिका छापत असेल, हिशेब ठेवीत असेल, सातबारा काढून देत असेल; तरी ते यादीबाहेरचे. झीज झाल्यामुळे यंत्र निकामी होते, हा घसाऱ्याचा नियम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकविला जातो. येथे यंत्र न झिजताच निकामी ठरते, आणि तसे ठरविण्याचा अधिकार ज्याने त्यात एक पैसाही घातलेला नाही त्याच्याकडे आहे.

जुळणीचे काम जवळून पाहिले, म्हणजे या अधिकाराचे स्वरूप ध्यानात येते. कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय बसविला जातो, मदरबोर्डवर प्रोसेसर ठेवून त्यावर पेस्ट लावून पंखा आवळला जातो, रॅम खाचेत दाबली जाते, एसएसडी जोडली जाते. वीज दिल्यावर पडद्यावर बायोसची अक्षरे उमटली, की यंत्र जिवंत झाले. येथपर्यंत सारे खुले आहे. एका उत्पादकाचा भाग महाग वाटला तर दुसऱ्याचा घ्यावा, एक जळाला तर तेवढाच बदलावा; कारण खाचांची मापे आणि जोडणीचे नियम सर्वांना समान आहेत. स्पर्धेचे जे चित्र पाठ्यपुस्तकात रंगविलेले असते, ते प्रत्यक्षात कोठे दिसत असेल तर या सुट्या भागांच्या बाजारात.

त्यानंतर पेनड्राइव्हवरून संचालनप्रणाली चढविण्यास प्रारंभ होतो आणि चित्र पालटते. बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू करावे लागते. इंटेलच्या बोर्डवर त्याचे नाव वेगळे, एएमडीच्या बोर्डवर वेगळे. नवख्याचा अर्धा दिवस त्यातच जातो. सिक्युअर बूटची अट असते. घरगुती आवृत्ती असेल तर अर्ध्या वाटेवर इंटरनेट मागितले जाते आणि कंपनीच्या दप्तरी खाते उघडण्यास सांगितले जाते. अखेरीस परवान्याची किल्ली. यंत्राबरोबर मिळालेला परवाना व्यवहारात त्या यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. मराठवाड्याचा उन्हाळा आणि विजेचा वर-खाली होणारा दाब यांत मदरबोर्ड जळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पण तो जळाला की परवानाही जळाला. बैल मेला म्हणून शेत सावकाराकडे जावे, तसा हा हिशेब आहे. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येईल असा सुटा परवाना मिळतो. मात्र त्याची किंमत साध्या मदरबोर्डच्या किमतीला सहज मागे टाकते.

हा वाद संगणकाच्या जन्माइतकाच जुना आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत आल्टेअर नावाचा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकला जाऊ लागला आणि हौशी मंडळी तो घरी जोडू लागली. मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी बेसिक ही भाषा तयार केली. ती या मंडळींनी आपापसांत नकलून वाटली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी त्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. यंत्राचे पैसे मोजता, तर आज्ञावलीचे का नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी अ‍ॅपलचा पहिला संगणक बाजारात आला तो नुसता बोर्ड होता. पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि कळफलक ग्राहकाने आपला आणावयाचा. म्हणजे आज ग्राहकाने जोडलेल्या यंत्राला उंबऱ्यावरच अडविणाऱ्या दोन्ही कंपन्या ग्राहकाने जोडलेल्या यंत्रांवरच मोठ्या झाल्या.

गेट्स यांच्या पत्रात तथ्य नव्हते असे समाजवाद्याने तरी म्हणू नये. आज्ञावली लिहिणे हे श्रम आहेत आणि श्रमाला मोबदला मिळाला पाहिजे. प्रश्न आहे तो श्रम फिटल्यानंतरच्या वसुलीचा. पहिली प्रत तयार करण्यास प्रचंड खर्च येतो, पुढच्या प्रत्येक प्रतीला जवळजवळ शून्य. अशा वस्तूची किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही. ग्राहकाला दुसरीकडे जाणे किती अवघड आहे, यावरून ठरते. या उत्पन्नाला जुन्या अर्थशास्त्रात नफा म्हणत नसत, खंड म्हणत.

अ‍ॅपलचे धोरण याहून स्पष्ट आहे. तिची संचालनप्रणाली तिच्याच यंत्रावर चालवावी, अशी परवान्यातच अट असते. फ्लोरिडातील सायस्टार या छोट्या कंपनीने २००८ मध्ये साध्या सुट्या भागांच्या संगणकांवर ती प्रणाली बसवून विकण्यास प्रारंभ केला. अ‍ॅपलने दावा लावला. २००९ मध्ये सायस्टार हरली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल उचलून धरला. प्रणाली विकलेली नसून तिच्या वापराचा केवळ परवाना दिलेला आहे, म्हणून अट वैध, हे त्यातील सूत्र. हौशी मंडळी घरच्या घरी हा खटाटोप पुढेही करीत राहिली. आता अ‍ॅपल इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या प्रोसेसरकडे वळली आहे, आणि २०२५ मध्ये आलेली आवृत्ती इंटेल यंत्रांसाठी शेवटची असल्याचे तिने जाहीर केले आहे. जे दार न्यायालयाने व्यापाऱ्याला बंद केले, ते आता हौशी माणसालाही बंद होत आहे.

आपल्याकडे कायद्याने या प्रश्नाकडे दोन डोळ्यांनी पाहिले आहे. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरविले, की तबकडीवरील तयार सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागू शकतो. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की परदेशी कंपनीला अशा सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम रॉयल्टी नव्हे, ती मालाची किंमत आहे; सबब रॉयल्टी म्हणून त्यातून कर कापावयाचा नाही. करअधिकाऱ्यासमोर जी वस्तू विकली गेली, ती ग्राहकासमोर मात्र विकली गेलेली नसते, केवळ वापरावयास दिलेली असते. ही सोय ज्याच्या पथ्यावर पडते त्याने तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

परभणीच्या वाचकाला या संबंधाचे नाव वेगळे सांगावयास नको. जमीन कसणारा एक, बी-बियाणे आणि घाम त्याचा, आणि बांधावर उभा राहून ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणणारा दुसरा. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० चा हैदराबाद कूळकायदा आला आणि त्याने संरक्षित कूळ ही कल्पना रुजविली: खंडाला कमाल मर्यादा, मनमानी बेदखलीला आळा, जमीन विकत घेण्याचा हक्क. अंमलबजावणीत त्याचे काय झाले, हा स्वतंत्र आणि खेदजनक विषय आहे. परंतु करारात लिहिले आहे एवढ्यावरून बेदखली न्याय्य ठरत नाही, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. बियाण्यांच्या बाबतीतही २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा हक्क वाणाच्या मालकाच्या हक्काशेजारी नोंदविला. संकरित कापसाच्या प्रदेशात हा हक्क बराचसा कागदावर राहतो, हे खरे. तरी कागदावर तो आहे. संगणक वापरणाऱ्याला तेवढाही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने वैध प्रतधारकाला राखीव प्रत करण्याची आणि दोन आज्ञावली एकमेकींशी जुळविण्यापुरती माहिती मिळविण्याची मुभा दिली आहे. बेदखलीविषयी तेथे एक अक्षर नाही.

आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांना यावर उत्तर सोपे वाटते: नकललेली प्रत चढवावी, मक्तेदाराला बुडवावे. ही समजूत भाबडी आहे. नकललेल्या प्रतीने मक्तेदार बुडत नाही, त्याचे क्षेत्र वाढते. पंधरा वर्षांचा मुलगा फुकटात तीच एक प्रणाली शिकतो, पुढे नोकरीत तीच मागतो, आणि खंड त्याच्या मालकाकडून वसूल होतो. शिवाय परवान्याला चकविणारे जे छोटे प्रोग्राम पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतात, त्यांच्याबरोबर काय येते हे फिरविणाऱ्यालाही माहीत नसते. आणि कलम ६३ ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. त्याचा बडगा पडला तर तो बसस्थानकासमोरच्या दुकानदारावर पडेल.

दुसरा मार्ग मुक्त प्रणालींचा. सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली काढली, तीत मराठीची सोय आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने तर शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेऊन दाखविले आणि २०१९ मध्ये दोन लाख संगणकांमागे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा केला. हा आकडा छापील किमतींवरून काढलेला दिसतो. घाऊक सवलती वजा केल्या तर तो बराच उतरेल. उतरलेला आकडाही लहान नसेल.

महाराष्ट्रात काय घडले? राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला. लाखो मुलामुलींच्या हाताला संगणक लागला, हे श्रेय नाकारता येणार नाही. त्या नावातील एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण ते मायक्रोसॉफ्टचे आद्याक्षर असावे असा समज अनेकांचा आहे, आणि वर्गात जे शिकविले गेले ते पाहता त्या समजाला हसता येत नाही. सरकारी नोकरीची अर्हता म्हणून एका कंपनीच्या मालाचा सराव मान्य करावयाचा, आणि मग लोक त्याच मालाला चिकटून का राहतात, असे विचारावयाचे! गंगाखेडच्या डीटीपीवाल्याने उद्या लिनक्स घेतले, तर त्याची जुनी मराठी फॉन्टची आज्ञावली चालत नाही, व्यापाऱ्याचे टॅली सरळपणे चालत नाही, सेवा केंद्रातील बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोज किंवा अँड्रॉइडपुरतेच मिळते. त्याने कशाच्या जोरावर उडी घ्यावी?

म्हणून मागणी शासनाकडेच केली पाहिजे. मदरबोर्ड बदलल्यावर परवाना माणसाबरोबर जावा. चालत्या यंत्राची सुरक्षा-दुरुस्ती कंपनीच्या मर्जीवर राहू नये. हे अशक्य आहे असे कोणी म्हटले, तर त्याला युरोपकडे बोट दाखवावे. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा वर्षासाठी तीस डॉलर भरावेत, नाही तर आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या साठ्यात जमा करावी, अशा अटी होत्या. युरोपातील ग्राहकसंघटनांनी आक्षेप घेताच सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील ग्राहकांपुरत्या त्या सैल करण्यात आल्या. आपल्या ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही काढले. भ्रमणध्वनी, मोटारी, शेतीची अवजारे तीत आली आहेत. संचालनप्रणालीचा तीत समावेश करून घेणे हे खासदारांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे कार्यकर्त्यांचे.

जिल्ह्यात यापेक्षा लहान आणि तातडीचे एक काम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० वर चालणारे संगणक किती होते, त्यांतील किती यादीबाहेरचे म्हणून मोडीत काढण्याचा प्रस्ताव आहे, आणि मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर बॉस किंवा अन्य मुक्त प्रणाली चढवून पाहिली काय, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात.