खानेसुमारीतील अंक आणि अक्षर

भारताची जनगणना १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतही १९४१ ची गणना झाली. तिची कोष्टके मात्र अपुरी राहिली. ही परंपरा प्रथमच खंडित झाली ती २०२१ साली. कोरोनाच्या साथीमुळे लांबलेल्या त्या गणनेस अखेर १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने मुहूर्त लाभला व बहुतेक देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली. तत्पूर्वी ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या गणनेत सर्वांची जात नोंदविण्याचा निर्णय घेतला होता. १९३१ नंतर सर्व जातींची संख्या सांगणारी जनगणनेची कोष्टके या देशात प्रसिद्ध झालेली नाहीत, हे लक्षात घेता या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जात मोजावी की न मोजावी, हा वाद आता मागे पडला आहे. ती कशी मोजावी, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अनुसूचित जाती व जमाती यांची गणना स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत झालेली आहे. महाराष्ट्रापुरते ते आकडे ओळीने मांडले, तरी पुष्कळ बोध होण्यासारखा आहे.

प्रथम अनुसूचित जातींचे आकडे घेऊ. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १९६१ साली शेकडा ५.६ होते. १९७१ साली ते ६ झाले आणि १९८१ साली ७.१ वर गेले. १९९१ साली ते एकदम ११.१ झाले, २००१ साली १०.२ वर उतरले आणि २०११ साली पुन्हा ११.८ वर चढले. १९८१ साली ४४ लक्ष ८० हजार असलेली संख्या अवघ्या दहा वर्षांत ८७ लक्ष ५८ हजारांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेली. कोणत्याही समाजाची संख्या केवळ जन्माने अशी वाढत नसते. मग हे घडले कसे?

याचे उत्तर दवाखान्यांच्या जन्मनोंदींत सापडणार नाही. ते कायद्याच्या पुस्तकात सापडेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंनाच होता. १९५६ साली तो शिखांनाही देण्यात आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २७ लक्ष ९० हजार भरली. हे लोक रातोरात सुखवस्तू झाले नव्हते. त्यांचे घर तेच राहिले, गावकुसाबाहेरची वस्तीही तीच राहिली. परंतु अनुसूचित जातींच्या रकान्यातून ते बाहेर पडले, आणि तीन जनगणनांपर्यंत या राज्यातील त्या रकान्याचा आकडा वस्तुस्थितीपेक्षा निम्म्याच्या जवळपास राहिला. १९९० साली संसदेने कायदा बदलून बौद्धांना हा दर्जा दिला, तेव्हा १९९१ चा आकडा फुगल्यासारखा दिसला. तो वास्तविक फुगला नव्हता. आधीचा आकडा आक्रसलेला होता.

हा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या शेकडा १६ ने वाढली, तर अनुसूचित जातींची शेकडा ३४ ने. मधल्या काळात कायदा तर असा बदलला नव्हता. तेव्हा ही तफावत जन्ममृत्यूंपेक्षा नोंदणीतील फरकातून आली असली पाहिजे, असेच अनुमान निघते. २०११ साली राज्यात ६५ लक्ष ३१ हजार बौद्ध होते. त्यांपैकी सुमारे ५२ लक्ष अनुसूचित जातींत नोंदले गेले. उरलेल्या तेरा लक्षांत कित्येकांनी ‘धर्म बौद्ध’ एवढेच सांगितले असेल आणि जात सांगण्याचे नाकारले असेल. जातीचा त्याग म्हणून ज्यांनी धर्मांतर केले, त्यांना पुन्हा जात विचारावी लागते, यातील विसंगती आम्हांस दिसत नाही असे नव्हे. परंतु एका ओळीच्या उत्तराने माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात जातो, आणि त्या रकान्यावर पुढे बरेच काही अवलंबून असते, हेही तितकेच खरे आहे.

अनुसूचित जमातींची कथा याहून वेगळी नाही. १९७१ साली महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लक्ष ५४ हजार नोंदली गेली. १९८१ साली ती ५७ लक्ष ७२ हजार झाली. या वाढीस कारण १९७६ चा कायदा. तोपर्यंत अनेक जमातींना विशिष्ट क्षेत्रातच आदिवासी मानण्यात येई. त्या क्षेत्राच्या सीमेपलीकडे राहणारा त्याच जमातीचा माणूस सरकारी दप्तरात आदिवासी नसे. ही क्षेत्रबंधने उठली हे उचितच झाले. परंतु त्याबरोबरच नामसादृश्याचा आधार घेऊन खोटे दाखले मिळविण्याची वाटही काही जणांनी शोधली. जात पडताळणीसाठी राज्याला २००० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि खोट्या दाखल्यावर मिळविलेल्या नोकरीस संरक्षण देता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये दिला. म्हणजे १९७१ चा आकडा कमी होता आणि १९८१ चा आकडा सर्वस्वी निर्भेळ नव्हता, असे दोन्हीही म्हणावे लागते.

यादीतील एखाद्या अक्षराला केवढी किंमत असते, हे महाराष्ट्राने दुःख सोसून जाणले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. गोंड आणि गोवारी या दोन जमाती, की गोंड गोवारी ही एकच, या प्रश्नाने एका समाजाची हयात खर्ची पडली. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे विधिमंडळावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. त्या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला, आणि तो गोवारींच्या विरुद्ध गेला. ‘धनगड’ आणि ‘धनगर’ यांतील एका अक्षराचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथेही धनगर समाजाची मागणी मान्य झाली नाही. या निकालांच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रगणकाच्या हातातील यादी म्हणजे केवळ कारकुनी कागद नव्हे, एवढेच दाखवावयाचे आहे.

यादी नसेल तर काय होते, याचाही अनुभव गाठीशी आहे. २०११ साली जनगणनेपासून वेगळी अशी सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणी झाली. तीत जातीचे नाव जसे सांगितले जाईल तसे लिहून घेण्यात आले. कोणी पोटजात सांगितली, कोणी आडनाव, कोणी कुळ; एकाच नावाची दहा स्पेलिंगे झाली. परिणामी देशात ४६ लक्षांहून अधिक ‘जाती’ निघाल्याचे केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास सांगितले. १९३१ मध्ये हाच आकडा ४,१४७ होता. एकट्या महाराष्ट्रात ४ लक्ष २८ हजार ६७७ नावे निघाली. राज्यातील अधिकृत याद्यांत त्या वेळी ४९४ नावे होती. जातींचे ते आकडे कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. त्याची किंमत महाराष्ट्राने लगेच मोजली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गाचे आरक्षण विश्वसनीय आकडेवारीच्या अटीवर टांगले, आणि पुढे कित्येक नगरपालिका व महापालिकांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. अंक नसल्यामुळे लोकशाहीचे कामकाज अडून राहण्याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

या सर्वांचा सामान्य नागरिकाशी संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. घटनेच्या ३३० व ३३२ या अनुच्छेदांनुसार राखीव जागांचे प्रमाण जनगणनेवरून ठरते. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी व २५ जमातींसाठी राखीव झाल्या, त्या २००८ च्या पुनर्रचनेत, २००१ च्या आकड्यांवरून. २०११ च्या प्रमाणाने तोच हिशेब मांडला, तर त्या अनुक्रमे ३४ व २७ च्या आसपास जातात. पाच आणि दोन जागांचा हा फरक लहान नाही. राज्याच्या अर्थसंकल्पातील आदिवासी उपयोजना व अनुसूचित जाती उपयोजना यांचाही आधार लोकसंख्येचे प्रमाण हाच आहे. तेव्हा जो मोजला गेला नाही, तो मतदारसंघाच्या नकाशातून आणि गावच्या आश्रमशाळेच्या खर्चातूनही वगळला जातो.

शिवाय एकूण आकडा बरोबर आला म्हणजे सत्य हाती आले, असेही नाही. २०११ साली राज्याची साक्षरता शेकडा ८२.३ होती. अनुसूचित जातींची ती ७९.७ होती, म्हणजे अंतर बरेच भरून आले असे वाटावे. जमातींची मात्र ६५.७ होती, आणि आदिवासी स्त्रियांची अवघी ५७. या सरासरीच्या पोटातही किती अंतरे लपली असतील! नंदुरबार जिल्ह्यात शेकडा ६९ लोक आदिवासी आहेत, गडचिरोलीत शेकडा ३९. तेथील जीवन आणि नाशिक वा पुणे शहरात स्थिरावलेल्या आदिवासी कुटुंबाचे जीवन एकाच आकड्यात मावत नाही. कातकरी, कोलाम व माडिया गोंड यांना सरकारनेच विशेष दुर्बल जमाती ठरविले आहे. त्यांची स्थिती स्वतंत्र कोष्टकावाचून दिसणे शक्य नाही. अनुसूचित जातींच्या महाराष्ट्रातील यादीतही ५९ नावे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली आहे. मात्र त्यासाठी पुराव्याची अट घातली आहे. पुरावा नसता वर्गीकरण केले, तर बोलकी जात पुढे जाईल आणि मुकी जात पुन्हा मागेच राहील.

आणि ज्यांचा रकानाच नाही त्यांचे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का मारला, ते लोक १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ झाले. महाराष्ट्राने विमुक्त जाती व भटक्या जमाती यांना स्वतंत्र आरक्षण दिले, हे राज्यास भूषणावह आहे. केंद्राने त्यांच्यासाठी रेणके व इदाते यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमले, त्यांचे अहवालही आले. परंतु स्वतंत्र भारतातील एकाही जनगणनेने त्यांना वेगळे मोजलेले नाही. परकीय सरकारने त्यांची रोज हजेरी घेतली, आणि स्वकीय सरकारने त्यांची मोजदादही करू नये, हा दैवदुर्विलास म्हणावा काय?

मोजणीचा काळही येथे महत्त्वाचा आहे. फेब्रुवारीअखेर व मार्चच्या आरंभी महाराष्ट्रात ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. मराठवाड्यातील तोडणी मजूर, ज्यांत वंजारी, बंजारा व अनुसूचित जातींची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात, त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात कोप्या बांधून राहिलेली असतात. रायगड व ठाण्याचे कातकरी वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. गावात प्रगणक येतो तेव्हा दाराला कडी असते. भट्टीवर त्यास कोणी पाठवीत नाही. जे सर्वांत अधिक मोजले जावयास हवेत, तेच मोजणीच्या दिवशी सर्वांत कमी दिसतात.

तेव्हा सरकारने काही गोष्टी निश्चयपूर्वक केल्या पाहिजेत. जातींची व जमातींची यादी, तिच्यातील पर्यायी नावे व स्थानिक उच्चारांसह, मोजणीपूर्वी पुरेशा अवधीने मराठीत प्रसिद्ध व्हावी, म्हणजे हरकती वेळेवर येतील. विमुक्त व भटक्यांसाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असावेत. साखर कारखाने व वीटभट्ट्या यांच्या परिसरात खास प्रगणक नेमून तेथील मजुरांच्या नोंदी कराव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोष्टके जातवार व जिल्हावार, विनाविलंब प्रसिद्ध करावीत. २०११ च्या पाहणीप्रमाणे हेही आकडे कपाटबंद राहिले, तर एवढा खटाटोप व्यर्थ होईल.

शहरातील सुशिक्षितांवरही एक कर्तव्य येते. ‘आम्ही जात मानीत नाही’ असे सांगून रकाना मोकळा सोडण्याचा मोह आपल्यापैकी पुष्कळांना होईल. ही भावना प्रामाणिक असू शकते. परंतु जातीचा विसर पडणे हे बहुधा त्यालाच परवडते, ज्याला तिचे चटके कधी बसले नाहीत. जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे आणि ती उत्तरे गुप्त ठेवण्याची हमीही तोच कायदा देतो. वरच्या जातींची संख्या, शिक्षण व व्यवसाय यांचे चित्र स्पष्ट झाल्याखेरीज खालच्यांची वंचना कशाशी ताडून पाहावयाची? मोजपट्टीची दोन्ही टोके लागतात.

आजवरच्या जनगणनांनी कधी कायद्यामुळे, कधी यादीतील एका अक्षरामुळे, तर कधी प्रगणकाच्या गैरहजेरीमुळे या राज्यातील लक्षावधी माणसे गाळली किंवा भलत्याच रकान्यात घातली. ती चूक सुधारण्याची संधी सोळा वर्षांनी येत आहे. ती दवडली, तर पुढच्या पिढीला आपल्यातील सर्वांत दुर्बल माणसे किती होती आणि कोठे होती, याचेही उत्तर देता येणार नाही. आणि ज्या राज्याला आपली दुबळी माणसे किती आहेत हे माहीत नाही, त्याने त्यांच्यासाठी न्यायाची भाषा बोलण्यात काही अर्थ नाही.