मलनिःसारण आकाराचा हिशेब वेगळा मागा

मुंबईत पाणीपट्टी वाढणार अशी बातमी आली की मोहल्ल्या-मोहल्ल्यांत ओरड सुरू होते. परंतु त्याच बिलात आणखी एक ओळ असते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती ओळ म्हणजे मलनिःसारण आकार. घरातील सांडपाणी व मैला वाहून नेऊन त्याची विल्हेवाट लावण्याबद्दल महानगरपालिका हा पैसा घेते. मीटर असलेल्या इमारतीत तो पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के असतो.

आपण व्यापारी माणसे, तेव्हा हिशेबाच्या भाषेतच बोलू. एखाद्या चाळीचे पाण्याचे बिल १००० रुपये असेल, तर त्यावर ७०० रुपये मलनिःसारण आकार लागून एकूण १७०० रुपये होतात. आता पाण्याचा दर ८ टक्क्यांनी वाढला असे धरा. पाण्याचे झाले १०८०, मलनिःसारणाचे ७५६, एकूण १८३६. म्हणजे बातमीत ८० रुपयांची वाढ दिसली, खिशातून मात्र १३६ रुपये गेले. गटाराची सेवा सुधारली की नाही याचा विचारही झाला नाही आणि तिची किंमत वाढली. २०१२ च्या धोरणानुसार प्रशासनाला दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत पाणीपट्टी वाढविण्याची मुभा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या गुणाकाराचे महत्त्व कळते.

१ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. त्यामुळे आपल्यावर पालिकेचे काहीच देणे उरले नाही, असा अनेकांचा समज आहे. ही माफी पाण्याच्या बिलाला लागू नाही. लहान घरातील कुटुंब मलनिःसारण आकार आजही भरतेच.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. शहराचा मैला शुद्ध न करता समुद्रात आणि खाडीत सोडणे कोणालाच परवडणारे नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथे सात मलप्रक्रिया केंद्रे उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पायाभरणी झाली, तेव्हा खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये सांगण्यात आला होता. एवढा पैसा आकाशातून पडत नाही. तेव्हा एक पैसाही देणार नाही, ही भूमिका शहाणपणाची नव्हे. जो सेवा घेतो त्याने मोल द्यावे, हा तर आपल्या बाजाराचाच नियम आहे.

पण त्याच नियमाची दुसरी अट अशी की, मोल घेणाऱ्याने माल दिला पाहिजे. कर आणि शुल्क यांतील फरक सुप्रीम कोर्टाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला होता. शुल्काच्या मागे सेवा असावी लागते. पुढील निकालांत न्यायालयांनी पैपैचा मेळ मागितला नाही, तरी शुल्क आणि सेवा यांचा संबंध तुटलेला चालत नाही. मग ज्या वस्तीत मलवाहिनीच पोहोचलेली नाही, शौचालयाची टाकी रहिवासी वर्गणी काढून उपसून घेतात, तेथे पूर्ण आकार कशाबद्दल द्यायचा?

आपल्या कारागीर बांधवांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. एकाच खोलीत संसार आणि जरीचा कारखाना चालतो. जोडणी घरगुती, मीटर सगळ्या चाळीचे एक आणि वाटणी खोलीमागे सारखी. त्यामुळे दोन माणसांची विधवेची खोली आणि दहा कारागिरांची खोली यांच्यावर सारखाच बोजा पडतो. पालिका हे सुधारील तेव्हा सुधारील, पण चाळ कमिटीला माणसांच्या संख्येवर वाटणी करण्यापासून कोणी रोखलेले नाही. त्याचप्रमाणे रंगाचे पाणी, चिंध्या आणि कापडाचे तुकडे गटारात टाकायचे आणि गटार तुंबले म्हणून पालिकेला बोल लावायचा, हेही योग्य नव्हे.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता प्रश्न विचारण्यासाठी नगरसेवक आहेत. त्यांच्याकडे आपण तीन मागण्या कराव्यात. पहिली, मलनिःसारणाच्या दराची चर्चा पाणीपट्टीच्या आड न होता स्वतंत्र व्हावी. दुसरी, या आकारातून किती जमा झाले आणि कोणत्या वॉर्डात किती खर्च झाले, हे दरवर्षी जाहीर करावे. तिसरी, वाहिनी नाही तेथे सूट मिळावी.

हे निवेदन तोंडी नको, लेखी हवे आणि त्यावर पोचेचा शिक्का हवा. दुकानात चार आण्यांचा फरक निघाला तर आपण रात्रभर वही तपासतो. पाण्याच्या बिलाची ती दुसरी ओळही तेवढ्याच काळजीने वाचली पाहिजे.